घर वाढवताना या चुका टाळा: कोल्हापुरातले बांधकाम परवान्याचे घोळ

‘पावसाच्या आत स्लॅब पडला पाहिजे’ या एका वाक्यापायी कोल्हापुरात दर उन्हाळ्यात नको ती बांधकामं उभी राहतात. गवंडी ठरतो, सळई येऊन पडते आणि शेजाऱ्याने तक्रार केली की मग महापालिकेच्या नगररचना विभागाची आठवण होते. काम थांबवण्याची नोटीस येते तेव्हा सेंट्रिंग लागलेलं असतं आणि भाडं रोज चढत असतं.

सगळ्यात जास्त घोळ ‘छोट्या प्लॉटला परवानगी लागत नाही’ या समजुतीने घातला आहे. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झाली. तिच्यात 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला सवलत आहे, हे खरं. पण ती सवलत प्रक्रियेची आहे, नियमांची नाही. मालकीचा उतारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणी नकाशा, बांधकामाचा नकाशा आणि तो नियमात बसतो असा परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरचा दाखला जोडून शुल्क भरायचं, पोच घ्यायची, मगच कुदळ मारायची. सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा), उंची, चटई क्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम) सगळं तसंच लागू राहतं. नियमाबाहेर गेलेल्या बांधकामाला पोच वाचवत नाही.

यातच आणखी एक गफलत होते. दीड गुंठा म्हणजे दीडशे चौरस मीटर, असं सर्रास धरलं जातं. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजे 101.17 चौरस मीटर. दीड गुंठा भरतो 151.76. पावणेदोन चौरस मीटर जास्त झाले, की प्लॉट या सवलतीतून बाहेर. म्हणून खरेदीखतावरच्या गुंठ्यांवर विसंबू नका. नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड काढा आणि त्यावरचं क्षेत्र धरा. जागेवरचं माप कार्डापेक्षा वेगळं आलं, तर आधी मोजणी करून घ्या. नकाशा काढणाऱ्याला ‘तेवढं 150 दाखवा’ म्हणणं हा तर शुद्ध अडाणीपणा आहे. पुढे घर विकताना बँकेचा माणूस टेप घेऊन येतोच.

दुसरी मोठी चूक पूररेषेची. 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या शहरात ही चूक व्हायलाच नको, तरी होते. दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्क, रमणमळा या भागांत जुनं घर पाडून नवं बांधताना जोत्याची (तळमजल्याच्या फरशीची) उंची भिंतीवरच्या पुराच्या डागावरून ठरवली जाते. काहीजण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरचे पाणीपातळीचे फूट सांगतात. तिथली 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी ही त्या बंधाऱ्यावरच्या पट्टीची मापं आहेत. तुमच्या अंगणातल्या उंचीशी त्यांचा थेट संबंध नाही.

सरकारी पूररेषेच्या नकाशावर दोन रेषा असतात, नदीजवळची निळी आणि तिच्या पलीकडची, मोठ्या पुराची लाल. नियम असा: नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल रेषा हा नियंत्रित पट्टा. नियंत्रित पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर हवं. निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या अधिकृत घराची पुनर्बांधणीही या उंचीवरच होऊ शकते. ही पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते. ती पूररेषेच्या नकाशावरून घ्यायची आणि ऑटो लेव्हल (उंची मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) लावून सर्व्हेअरकडून प्लॉटवर उतरवून घ्यायची. खूण शेजारच्या पक्क्या भिंतीवर रंगाने करा, खुंटी ठोकली तर खोदाईत उखडते.

आता हिशोब पाहा. समजा लाल रेषा रस्त्यापासून 1.2 मीटर वर आली. जोतं झालं 1.65 मीटर. पायरीची उंची 19 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे नऊ उड्या (पायऱ्यांचे उभे चढ), प्रत्येकी साधारण 18.3 सेंटिमीटर. मध्ये आठ पायऱ्या, 25 सेंटिमीटर रुंदीच्या. एकूण दोन मीटर लांबी. नकाशात जोत्याची उंची कागदापुरती लिहिलेली असते, हे दोन मीटर कुठेच धरलेले नसतात. घर उभं राहिल्यावर पायऱ्या समोरच्या मोकळ्या जागेत किंवा थेट गटारीवर येतात आणि भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायची परवानगी) अडतं. नकाशात जिना आधी आखा, मग दर्शनी भिंत ठरवा.

वरचा मजला चढवणाऱ्यांचा वेगळा रोग असतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी गच्चीवर सोडलेल्या कॉलमच्या सळ्या गंजत उभ्या असतात आणि ‘आधीच सोय करून ठेवलीय, चालतंय की’ म्हणून त्यांनाच नव्या सळ्या बांधतात. जोड, म्हणजे जुन्या-नव्या सळ्या शेजारी-शेजारी बांधायची लांबी, सळईच्या व्यासाच्या साधारण 50 पट लागतो. 12 मिलिमीटरला 600 मिलिमीटर, 16 ला 800. गच्चीवर दिसतो फूट-दीड फूट तुकडा, तोही खपल्या सुटलेला. ताराच्या ब्रशने घासून व्हर्नियरने व्यास मोजा. कमी भरला तर कॉलमचं डोकं फोडून चांगल्या सळईपर्यंत जावं लागतं, नाहीतर स्ट्रक्चरल इंजिनिअरने दिलेल्या पद्धतीने नव्या सळ्या रोवाव्या लागतात. सळ्यांभोवतीच्या रिंगांचे आकडे (वळवलेली टोकं) 135 अंशांत आत वळलेले हवेत. गवंडी काटकोनात वळवतो, कारण त्याला तेवढंच पटकन जमतं. घर नुसत्या भिंतींवर उभं असेल आणि कॉलमच नसतील, तर पायाची तपासणी झाल्याशिवाय मजल्याचा विषयही काढू नका.

बाल्कनी बंद करताना नऊ इंची भिंत घालू नका. तीन मीटर उंचीची अशी भिंत दर मीटर लांबीला सुमारे 1.3 ते 1.4 टन भरते आणि बाल्कनीचा स्लॅब एकाच बाजूने धरलेला असतो.

घरफाळा लागला म्हणजे बांधकाम अधिकृत झालं, हे साफ चूक. घरफाळा अनधिकृत बांधकामालाही लागतो.

पाचगाव, उचगावसारख्या गावांत ग्रामपंचायतीचा दाखला पुरेसा नाही. 2017 पासून भोवतालची 42 गावं कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणात आहेत. परवानगी तिथून घ्या.

‘अर्ज देऊन 60 दिवस झाले, परवानगी मिळाली समजा’ हे फक्त कागद आणि शुल्क पूर्ण असेल आणि नकाशा नियमात तंतोतंत बसत असेल तरच.

फरशी, गिलावा, रंग, ओटा, कपाटं यांना परवानगी लागत नाही. पण ‘आतलंच काम आहे’ म्हणून भार पेलणारी भिंत फोडली, तर वरचा स्लॅब कशावर टेकणार, ते आधी इंजिनिअरला विचारा.

जोतं झालं की तपासणी करून घ्या, मगच वर चढा. प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करायची परवानगी) मिळाल्यावर वर्षभरात काम सुरू झालं नाही, तर त्याचं नूतनीकरण लागतं. लांबलेली सुरुवात इथेच अडकते. आणि मंजूर नकाशाची प्लॅस्टिकमध्ये घातलेली प्रत साइटवर टांगा. गवंड्याला मोबाइलवरचा फोटो दिला की खिडकी हमखास सरकते, आणि सरकलेली खिडकी शेवटच्या तपासणीतच सापडते.