इंजिनातून ऑइल गळतंय? आधी पुसा, मग शोधा

गाडीखाली काळपट डाग दिसला की नजर बरोबर त्याच्या वर जाते. पण ऑइल इंजिनावरून ओघळत खाली येतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे सरकतं. म्हणून ओला झालेला सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा भाग शोधायचा.

रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. तपकिरी-काळं, बुळबुळीत असेल तर बहुधा इंजिन ऑइल. हिरवा किंवा गुलाबी, पाण्यासारखा थेंब कूलंटचा असतो आणि निव्वळ पाणी एसीचं. मग गाडी सपाट जागी ठेवून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) बघा. दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत साधारण 1 लिटरचा फरक असतो. पातळी खालच्या खुणेखाली गेली असेल, तर ऑइल भरल्याशिवाय गाडी सुरू करू नका.

आता इंजिन गार असताना डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण) आणि ब्रशने ते स्वच्छ करा. अल्टरनेटर आणि वायरिंगचे कनेक्टर आधी प्लास्टिकने झाका. सगळं वाळल्यावर संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा, पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा आणि पावडरीत ओली रेघ कुठून सुरू होते ते बघा. खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावाच.

नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर ड्रेन नटचा वॉशर आणि ऑइल फिल्टर आधी तपासा. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं आणि त्यावरच नवा बसवला, तर गळती ठरलेलीच.

एरवी पहिला संशय टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या सर्वांत वरच्या झाकणाच्या, पॅकिंगवर. उष्णतेने रबर कडक झालेलं असतं, त्यामुळे बोल्ट आणखी आवळून फायदा नाही. उलट कव्हर वाकतं, आटे जातात. पॅकिंग बदलताना दोन्ही पृष्ठभाग पुसून कोरडे करा आणि बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळा.

एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी पाझर असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साचणारे वायू बाहेर काढणारी झडप) बघा. तो तुंबला की आतला दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो आणि नवी पॅकिंगही टिकत नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब येत असतील तर क्रँकचा (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचा) मागचा सील गेला असू शकतो. त्यासाठी बहुधा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून आधी टॅपेट कव्हरची मागची कड कोरडी आहे ना, याची खात्री करा.

जळक्या ऑइलचा वास किंवा बॉनेटखालून धूर आला, ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम एक्झॉस्टवर पडलेलं ऑइल पेट घेऊ शकतं.