वस्तीतल्या शेळ्या-कोंबड्या: पावसाला महिना उरला असताना

निर्वासित कुटुंबांना शेळ्या द्यायच्या असतील तर आत्ता द्या, नाहीतर पाऊस उघडेपर्यंत थांबा. लांबचा प्रवास करून आलेली, नव्या जागेला बिचकलेली शेळी ऐन झडीत भिजली की न्यूमोनियाने आडवी पडते. यादीत कुटुंबाचं नाव लागतं आणि खुंटाला नुसता दोर उरतो.

आधी छप्पर, मग जनावर. ताडपत्री पाऊस अडवते, पण चारी बाजूंनी गुंडाळली तर मुताचा उग्र वास आतच कोंडतो. शेळीच्या तोंडाच्या उंचीला उकिडवं बसून बघा. तुमचे डोळे चुरचुरले तर छपराखाली वीतभर फट मोकळी ठेवा. एका शेळीला साधारण दीड चौरस मीटर कोरडी जागा धरा. फळ्या किंवा बांबू मिळाले तर माच करा. पट्ट्यांमध्ये दीड सेंटिमीटर अंतर पुरतं, लेंडी खाली पडते आणि खूर अडकत नाही.

चराईवरून आसपासच्या गावकऱ्यांशी वाकडं येतं, तेव्हा शेळी बांधून चारा कापून आणलेला बरा. त्यात जंतही कमी लागतात, कारण त्यांच्या अळ्या ओल्या गवताच्या बुडाशी असतात. दव उडाल्यावर, चार बोटं वरून कापा आणि पेंढी टांगून घाला. पहिलं कोवळं गवत एकदम पोटभर देऊ नका, आंत्रविषाराने, म्हणजे आतड्यात जंतूंचं विष तयार होऊन, धडधाकट शेळीही रात्रीत जाते. त्याची लस पावसाआधीच हवी, आणि पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा. पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस तीन महिन्यांवरच्या करडांना द्या, तिचा असर सुमारे ३ वर्षं राहतो.

दर पंधरवड्याला खालची पापणी उलटून पाहा. गुलाबी असेल तर ठीक. पांढुरकी दिसली किंवा जबड्याखाली पाणी उतरलं तर रक्त शोषणारे जंत समजा आणि त्याच शेळीला वजनाप्रमाणे औषध पाजा. सरसकट सगळ्यांना पाजत राहिलं की औषध लागू पडेनासं होतं.

अंगणच नसेल त्यांनी चार कोंबड्या धराव्यात. खुडूक कोंबडीखाली १०-१२ अंडी, २१ दिवस. राणीखेत या कोंबड्यांच्या साथरोगासाठी उष्णता सोसणारी आय-२ लस मिळाली तर तीच घ्या, डोळ्यात एक थेंब, दर तीन-चार महिन्यांनी.

पहिली पाट, म्हणजे मादी करडू, पुढच्या कुटुंबाला द्यायची, ही रीत हायफर इंटरनॅशनल ही मदतसंस्था १९४४पासून चालवते. कल्पना तिचे संस्थापक डॅन वेस्ट यांची, स्पेनच्या यादवी युद्धात दूध वाटताना सुचलेली. रीत चांगली, पण दूध तुटलेलं, लस टोचलेलं करडूच द्या, आणि नव्या घरी तीन आठवडे ते वेगळं बांधा. पाट राखा, बोकड विका. मात्र जंताचं औषध दिलं असेल तर पाकिटावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत खाटकाकडे नेऊ नका.