शॅमेलिऑनचे पिल्लू खात नसेल तर आधी या चुका टाळा

पिल्लू खात नाही असे दिसले की पहिला विचार येतो तो खाद्य बदलण्याचा, आणि बहुतेक वेळा पहिली चूक तिथेच होते. न्यू जर्सीच्या ऐन हिवाळ्यात आमच्या घरी व्हेल्ड शॅमेलिऑनचे अडीच महिन्यांचे पिल्लू आले, तेव्हा मीही हेच केले. येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातला हा रंग बदलणारा सरडा. चौथ्या दिवशी त्याने खाणे सोडले. मी रातकिडे बदलून फळमाश्या आणल्या, त्याही चालेनात म्हणून अळ्या आणल्या, आणि दर तासाला पिंजऱ्याचे दार उघडून पाहत राहिलो. उत्तर पिंजऱ्याच्या तळाशी पडले होते. विष्ठेबरोबर येणारा जो भाग पांढरा असायला हवा, तो गडद नारिंगी झाला होता. पिल्लाला भूक नव्हती असे नाही. ते तहानेने व्याकूळ झाले होते.

शॅमेलिऑन वाटीतले साचलेले पाणी बहुधा ओळखतच नाही. पानावरून ओघळणारा थेंब हेच त्याचे पाणी, आणि घरातील हीटर रात्रंदिवस चालू असला की सकाळी मारलेला फवारा दहा मिनिटांत सुकून जातो. त्या दिवशी मी कोमट पाण्याचा बारीक फवारा न थांबता पाच-सहा मिनिटे पानांवर मारला. आधी ते फांदीवर अंग चोरून बसले. मग एक डोळा वळला, पानाच्या टोकाशी लोंबणाऱ्या थेंबावर स्थिरावला, आणि ते सावकाश पुढे सरकून तो थेंब चाटू लागले. पिऊन झाल्यावरही जबडा बराच वेळ हलत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तीन रातकिडे खाल्ले. म्हणून माझा आग्रह आहे की तपासणीचा क्रम पाणी, ऊब, प्रकाश, शांतता आणि सर्वांत शेवटी खाद्य असा ठेवावा.

ऊब अंदाजाने ठरवू नका

अंगाला पुरेशी ऊब नसेल तर खाल्लेले पचत नाही आणि भूक मंदावते. पिल्लाच्या ऊब घेण्याच्या फांदीवर दिवसा सुमारे २९ अंश सेल्सिअस, म्हणजे ८५ फॅरनहाइट, तापमान असावे, बाकी पिंजरा त्याहून थंड असावा आणि रात्री तापमान आणखी उतरू द्यावे. ते हाताने अजमावू नये. तापमापकाचे टोक त्या फांदीवरच ठेवून मोजावे. इथे एक फसवी गोष्ट आहे. जीभ बाहेर फेकली जाते ती ताणलेल्या तंतूंच्या जोरावर, त्यामुळे गारठ्यातही ती बऱ्यापैकी वेगाने सुटते. मात्र तिला मागे ओढणारे स्नायू थंडीत मंदावतात. म्हणून जीभ सुटताना दिसली एवढ्यावरून तापमान योग्य आहे असे समजू नये. उलट, पिल्लू फिकट पडून तोंड उघडे ठेवून बसत असेल तर त्याला उष्णता जास्त होत आहे.

खिडकीतले ऊन पुरत नाही

काच उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते, आणि हे किरण मिळाले नाहीत तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे मऊ पडतात. वाटोळ्या छोट्या दिव्यांपेक्षा पिंजऱ्यावर आडवी बसणारी, यूव्हीबी देणारी टी-५ नळी (बारीक ट्यूबलाइट) केव्हाही चांगली. नळी उजळ दिसत असली तरी तिच्यातले यूव्हीबी हळूहळू घटत असते, त्यामुळे उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ती बदलावी.

न खाण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण उपाय त्यावरच ठरतो. पिल्लू किड्याकडे पाहतच नसेल तर कारण बहुधा पाणी, ऊब किंवा भीती यांत सापडते. नव्या घरात पहिले काही दिवस किंवा कात टाकताना एखादा दिवस असे होणे स्वाभाविकही आहे. परंतु ते किड्यावर नजर रोखते, तोंड उघडते आणि जीभ सोडतच नाही, किंवा जीभ वारंवार आखूड पडते, पाय वाकलेले दिसतात, पकड सैल वाटते, अशा वेळी कॅल्शियमची कमतरता किंवा तोंडातील संसर्ग असू शकतो, आणि त्यावर घरगुती उपाय नाही.

शांततेचा भाग थोडक्यात सांगतो. दोन पिल्ले एकत्र ठेवू नयेत, पिंजऱ्यात दाट पाने असावीत, काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसू नये आणि हाताळणे पूर्ण बंद ठेवावे.

खाद्याबाबतची मोठी चूक आकाराची असते. किड्याची लांबी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा जास्त नसावी. किड्यांना आदल्या दिवशी ताजा भाजीपाला खाऊ घालावा आणि देताना त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. उरलेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात राहू देऊ नयेत, ते झोपलेल्या पिल्लाला चावतात.

तोंड उघडून बळजबरीने भरवणे मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळावे. मऊ पडलेला जबडा मोडू शकतो आणि ड्रॉपरने सोडलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते.

भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. आपल्याकडे सापडणारा शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षित असून तो पाळणे गुन्हा आहे. महाराष्ट्रात जखमी किंवा अशक्त घोयरा आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

प्रौढ शॅमेलिऑन काही दिवस उपाशी राहू शकतो, पिल्लाजवळ तेवढा साठा नसतो. सर्व काही नीट करूनही दोन दिवस काहीच खाल्ले नाही तर सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना गाठावे. दिवसा डोळे मिटलेले असतील, खोल गेले असतील किंवा पिल्लू तळाशी पडून राहत असेल तर त्याच दिवशी जावे. सोबत ताजी विष्ठा न्यावी, तिच्यातून जंत तपासता येतात, आणि दिवा व फांदी यांतले अंतर स्पष्ट दिसेल असा पिंजऱ्याचा फोटोही न्यावा. नेताना हवेसाठी भोके पाडलेल्या छोट्या खोक्यात एक पक्की फांदी बसवावी, म्हणजे पिल्लाला वाटेत धरायला आधार राहतो.