दसरा ते मार्गशीर्ष : तलंगा अंड्यावर येण्याआधीची तयारी

मृगाच्या सुमारास आणलेली एकदिवसीय पिल्ले दसऱ्यापर्यंत १७-१८ आठवड्यांची होतात. अंगावर पिसे भरलेली, पाय उंच, तुरा मात्र अजून फिकट. हीच तलंग, म्हणजे अजून अंडी न दिलेली तरुण कोंबडी. पहिल्यांदाच कोंबड्या पाळणाऱ्या घरात नेमका याच वेळी रोजचा प्रश्न सुरू होतो : अंडी कधी? मग कोणी सांगतो अंड्याचे खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबडीचे) आत्ताच चालू करा, कोणी सांगतो रात्रभर दिवा लावा. माझे आग्रहाचे सांगणे असे, की हा महिना घाईचा नाही. टरफल किती पक्के येणार, किती कोंबड्या अंडे अडकून जाणार, वर्षभर अंड्याचे सातत्य राहणार की नाही, यातले बरेचसे याच चार-पाच आठवड्यांत ठरते.

आधी आपल्याकडे कोणते पक्षी आहेत ते नीट लक्षात घ्या. सुधारित जातींपैकी ग्रामप्रिया साधारण साडेपाच महिन्यांत अंड्यावर येते. वनराज आणि गिरिराज सहा महिन्यांच्या आसपास. गावठी कोंबडीला सहा-सात महिने लागतात आणि थंडीत आणखी थोडे पुढे जाते. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतून २५ माद्या आणि ३ नर असा तलंगांचा गट मिळाला असेल, तर ते पक्षी देताना ८-१० आठवड्यांचे असतात. वाटपाची तारीख धरून वय मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर १८ वा, २० वा आणि २२ वा आठवडा खुणेने लिहून ठेवा. पुढचे सगळे याच तारखांवर चालते.

अंगावर हात फिरवून पाहा

वयापेक्षा कोंबडीचे अंग जास्त खरे सांगते. संध्याकाळी पक्षी दांड्यावर बसले की एकेक उचलून पाहा, तेव्हा त्या शांत असतात. कोंबडी डाव्या काखेत धरा, तोंड मागे आणि शेपटी पुढे. उजव्या हाताने शेपटीखाली चाचपले की दोन बारीक टोकदार हाडे लागतात. त्या दोन हाडांत जेमतेम एक बोट मावत असेल तर अंडे अजून लांब आहे. दोन बोटे सहज बसू लागली, हाडे लवचीक लागली, मागची जागा कोरडी-गोल न राहता ओलसर आणि रुंद झाली, की दोन-तीन आठवड्यांत अंडे येईल असे धरा. त्याच सुमारास तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी लालभडक होते, कोंबडी कोपरे उकरून पाहते, आणि पाठीवर हात ठेवला की पंख किंचित पसरून खाली दबते. ही दबण्याची खूण मला सर्वांत भरवशाची वाटते.

त्याच हाताने छातीचे हाडही पाहा. ते सुरीसारखे लागले तर पक्षी रोड आहे. हाड सापडतच नाही आणि पोटाखाली मऊ चरबी लागते, तर जास्त भरला आहे. वनराज-गिरिराजमध्ये ही दुसरी तक्रार फार. अंगाने मोठी जात, मका पोटभर, फिरायला जागा थोडी. सहा महिन्यांची वनराज कोंबडी अडीच किलोच्या वर जाऊ लागली तर मका कमी करा, पाला वाढवा, दिवसाचे फिरणे वाढवा. चरबीने भरलेल्या कोंबडीत अंडे अडकणे आणि अंड्याबरोबर मागचा भाग बाहेर येणे हे प्रकार जास्त होतात. भाजीच्या तागडीवर दर आठवड्याला पाच-सहा पक्ष्यांचे वजन घेतले तरी अंदाज येतो.

कॅल्शियम : योग्य वेळी, योग्य तेवढे

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वाढीच्या खाद्यात कॅल्शियम साधारण १ टक्का असते. अंड्याच्या खाद्यात ते साडेतीन ते चार टक्के असते. १३-१४ आठवड्यांच्या पक्ष्याला हे अंड्याचे खाद्य दिले, तर टरफल बनतच नसल्यामुळे जादा कॅल्शियम मूत्रपिंडावर जाते. मूत्रपिंडे खराब होतात, कोंबडी वरून धडधाकट दिसते आणि पुढे अंड्याचा ताण आला की अचानक मरते. उलट अंडे सुरू झाल्यावरही वाढीचेच खाद्य चालू ठेवले, तर एकेका टरफलाला लागणारे सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम ती स्वतःच्या हाडांतून काढते. मग पातळ टरफल, बिनटरफलाची अंडी, आणि शेवटी पाय धरून बसलेली कोंबडी.

मधला रस्ता असा. अंड्यावर येण्याआधीच्या दोन आठवड्यांत लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा खास साठा तयार होतो. म्हणून तुरे लाल होऊ लागले, शेपटीखालच्या दोन हाडांत दोन बोटे बसू लागली, की वाढीचे आणि अंड्याचे खाद्य निम्मे-निम्मे मिसळून द्या. कळपात पहिली दोन-चार अंडी दिसली की पूर्ण अंड्याच्या खाद्यावर या.

त्याशिवाय शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. कोकणात शिंपले घरचेच असतात, ते धुऊन, वाळवून, तांदळाच्या कणीपेक्षा थोडे जाड कुटा. देशावर कुक्कुट खाद्याच्या दुकानात शिंपला ग्रिट मिळते. पीठ करू नका, कारण जाड कण पोटात रात्रभर हळूहळू विरघळतो आणि टरफलाचे बरेचसे काम रात्रीच चालते. एका अंड्याला २४ ते २६ तास लागतात, त्यातले सुमारे २० तास टरफलाचे. म्हणून चुरा दुपारनंतर भरलेला असावा. गरज असेल ती कोंबडी आपणहून खाते, नसेल ती तोंड लावत नाही. घरातली अंड्याची टरफले द्यायची तर तव्यावर भाजून बारीक करा. अख्खी अर्धी टरफले टाकली तर अंडी फोडून खाण्याची खोड लागते आणि ती सुटत नाही.

घरी खाद्य बनवणाऱ्यांसाठी १० किलोचे एक मिश्रण : मका किंवा ज्वारी-बाजरीचा भरडा साडेपाच किलो, सोयाबीन पेंड २ किलो २०० ग्रॅम, तांदळाचा कोंडा १ किलो १०० ग्रॅम, शिंपला चुरा ९०० ग्रॅम, कोंबड्यांचे खनिज मिश्रण २५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. बंदिस्त कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम लागते. दिवसभर परसात आणि शेतात फिरणारीला ५० ते ६० ग्रॅम, तेही संध्याकाळी खुराड्यात येताना. मुक्त फिरणारीला किडे, वाळवी, पाला मिळतो, पण शिंपला मिळत नाही, म्हणून चुऱ्याचे भांडे तिच्यासाठीही हवेच.

या हंगामाचे दोन धोके घरातच पडलेले असतात. पहिला, नवा मका. परतीच्या पावसात भिजलेल्या कणसांना बुरशी लागते आणि तिचे विष कोंबडीच्या यकृतावर बसते, अंडी घटतात, पक्षी रोगाला लवकर बळी पडतो. दाणा दाताखाली कडकन फुटेपर्यंत वाळवा. काळपट, हिरवट, कुबट वासाचा दाणा जनावरालाही नको आणि कोंबडीलाही नको. दुसरा, कच्चे सोयाबीन. मळणीनंतर खळ्यावर सांडलेले दाणे कोंबड्यांना मोकळे सोडणे बरे नव्हे. कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात. पेंड तयार होताना ते उष्णतेने निकामी होतात, म्हणून पेंड चालते, कच्चा दाणा चालत नाही. द्यायचाच तर नीट भाजून, भरडून द्या.

दिवस लहान होतोय, दिव्याचे काय?

कोंबडीचे अंडे उजेडाच्या तासांवर चालते. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरमध्ये दिवस सुमारे ११ तासांचा उरतो आणि चांगल्या अंड्यासाठी १४ ते १५ तास लागतात. कार्तिकात अंड्यावर येऊ घातलेला कळप म्हणूनच कधी कधी अडून बसतो.

दिवा लावायचा असेल तर वजन भरल्यावर आणि २० आठवड्यांनंतरच. आधी लावला तर अंगाने अपुरी कोंबडी लवकर अंड्यावर येते, बारीक अंडी देते आणि अडकते. सुरुवातीला एक तास वाढवा, मग दर आठवड्याला अर्धा तास, १४ तास होईपर्यंत. वाढीव उजेड पहाटे द्या. संध्याकाळी दिवा एकदम बंद झाला की पक्षी अंधारात जमिनीवरच राहतात, दांडा सापडत नाही. पहाटे चारला लावलेला दिवा सूर्योदयात आपोआप मिसळून जातो. ३० कोंबड्यांच्या खुराड्याला ९ वॅटचा एक एलईडी पुरे, खाद्याच्या भांड्याजवळ वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड. रात्रभर दिवा कधीच नको, त्यांना आठ तास अंधार लागतो.

ज्या गावात वीज आज पहाटे आणि उद्या संध्याकाळी अशी येते, तिथे टायमर आणि बॅटरीचा किंवा सौर दिवा जमत असेल तरच हे करा. एकदा वाढवलेले तास मध्येच कमी झाले की कोंबडी पिसे गाळते आणि अंडे बंद करते. दिवा जमत नसेल तर बिनदिव्याचे चालू द्या. संक्रांतीनंतर दिवस वाढू लागला की गावठी आणि सुधारित दोन्ही कोंबड्या आपसूक अंड्यावर येतात.

अंडी घालायची जागा

पहिल्या अंड्याच्या दोन आठवडे आधी जागा तयार हवी. चार-पाच कोंबड्यांना एक खोका, लांबी-रुंदी-उंची सुमारे एकेक फूट, जमिनीपासून दीड-दोन फूट वर, खुराड्याच्या सर्वांत अंधाऱ्या बाजूला. फळांचे लाकडी खोके, जुनी पाटी, पसरट मडके, काहीही चालते. तेलाचा पत्र्याचा डबा कापून वापरायचा तर कडा हातोडीने आत वळवा. आत भाताचे तूस किंवा वाळलेले गवत चार बोटे. बसायचे दांडे खोक्यांपेक्षा उंच ठेवा, नाहीतर कोंबड्या रात्री खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडी विष्ठेत लोळतात. एका खोक्यात प्लास्टिकचे किंवा घासून गुळगुळीत केलेले लाकडी अंडे ठेवले की नवख्या तलंगेला जागा कळते.

बहुतेक अंडी सकाळीच येतात. म्हणून पहिले तीन-चार आठवडे कोंबड्या साडेदहा-अकरानंतर बाहेर सोडा. लवकर सोडल्या तर कडब्याच्या गंजीत आणि कुंपणाच्या बुडाशी अंडी पडतात, आणि तुमच्याआधी मुंगूस तिथे पोहोचते. एकदा बाहेर घालायची सवय झाली की मोडणे अवघड. खुराडे बदलायचे, नवे पक्षी मिसळायचे असतील तर तेही २० आठवड्यांच्या आत उरका.

लस आणि जंताचे औषध यांनाही हीच मुदत. मानमोडीची (राणीखेत रोगाची) आर-टू-बी लस ८ आठवड्यांच्या सुमारास दिलेली असेल, तर १६ ते १८ आठवड्यांत पुन्हा टोचून घ्या. अंडे सुरू झाल्यावर ही टोचली की उत्पादन घटते. लस बर्फात आणा, मिसळल्यावर तासा-दोन तासांत संपवा, आजारी पक्ष्याला देऊ नका. त्याच्या आठवडाभर आधी जंताचे औषध, मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून. पिसांच्या बुडाशी उवा दिसल्या तर औषधाबरोबरच कोपऱ्यात राख आणि कोरडी माती ठेवा, त्या स्वतः लोळून अंग साफ करतात.

थंडीसाठी रात्री जाळीला गोणपाट बांधता, ते ठीक. वरची वीतभर जागा मात्र उघडी ठेवा. कोंडलेल्या खुराड्यात विष्ठेच्या वायूने डोळे चुरचुरतात आणि सर्दी पसरते. बर्ड फ्लूचाही काळ हाच. नंदुरबारमधल्या नवापूरची साथ २००६ च्या फेब्रुवारीतली, परभणीतल्या मुरुंब्याची २०२१ च्या जानेवारीतली. तळ्यावर येणाऱ्या रानबदकांपासून कोंबड्या दूर ठेवा, आणि एकाच दिवशी बरेच पक्षी मेले तर कोणालाही विकू किंवा वाटू नका, दवाखान्यात कळवा.

पहिली अंडी आल्यावर

सुरुवातीची अंडी ३५-४० ग्रॅमची, बारीक असतात. एखादे दोन बलकांचे, एखादे बिनटरफलाचे, एखाद्यावर रक्ताची रेघ. दोन-तीन आठवडे असे चालते, त्याने घाबरू नका. बिनटरफलाची अंडी त्यापुढेही येत राहिली तर चुरा आणि खाद्य तपासा. कोंबडी पाय फाकवून, शेपटी खाली धरून, दिवसभर एका जागी कुंथत असेल तर अंडे अडकले असे समजा. कोमट पाण्यात तिचा मागचा भाग १५-२० मिनिटे बुडवून धरा, बोटाने गोडेतेल लावा, अंधाऱ्या उबदार जागी एकटी ठेवा. पोट दाबून अंडे काढायला जाऊ नका, ते आत फुटते. काही तासांत सुटले नाही तर डॉक्टरांना दाखवा. मागचा भाग बाहेर आलेली कोंबडी लगेच वेगळी करा, लाल दिसले की बाकीच्या टोचून टोचून मारतात.

अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. मळके अंडे कोरड्या फडक्याने पुसा, धुऊन साठवू नका, धुतल्याने टरफलावरचा संरक्षक थर जातो.

ही पहिली अंडी खुडूक (अंड्यांवर बसायला आलेल्या) कोंबडीखाली ठेवण्याचा मोह होतो. बारीक अंड्यातून पिल्लू अशक्त निघते. आठ-दहा माद्यांमागे एक चांगला नर कळपात ठेवा, कोंबड्या साडेसात-आठ महिन्यांच्या होऊ द्या, आणि मग ५० ग्रॅमच्या पुढची, आठवड्याच्या आतली, घट्ट टरफलाची अंडी निवडून एका खुडूक कोंबडीखाली १० ते १२ ठेवा.