कोकणच्या वाळूत तंबू: दिवाळीच्या आगेमागे कुठे जायचं, जागा कशी निवडायची

कोकण किनाऱ्यावर तंबूत राहण्याचे दिवस मोजकेच असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस परततो, पण परतताना मुकाट्याने जात नाही. सकाळी कडक ऊन असतं, दुपारी तीननंतर सह्याद्रीकडून काळं भरून येतं, विजा कडाडतात आणि तासाभरात तंबूखाली तळं साचतं. म्हणून २० ऑक्टोबरच्या आधीचा बेत आखू नका. लक्ष्मीपूजन ते भाऊबिजेनंतरचा रविवार हे दिवसही सोडा, फेरीबोटींना गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात. तुळशीच्या लग्नापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला. दिवसा लख्ख ऊन, रात्री पारा २०-२२ अंशांपर्यंत उतरलेला आणि समुद्र शांत.

या काळातला खरा धोका म्हणजे अरबी समुद्रातली वादळं. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस क्यार वादळ कोकणात जमिनीवर आलंही नाही, तरी सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत पाणी शिरलं. निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाचा. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला असेल किंवा होड्या खाडीत आणून नांगरलेल्या दिसल्या, तर तंबू गुंडाळा आणि गावात खोली घ्या. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा. कडकडाट सुरू झाला की सुरूच्या किंवा माडाच्या झाडाखाली थांबू नका, तंबूतही नको. गाडीत किंवा पक्क्या घरात जा.

आधी भरती बघा, मग देखावा

दुपारी पोचायचं, ओहोटी असते, ओल्या वाळूपासून वीस पावलांवर कोरडी वाळू दिसते आणि तिथेच तंबू उभा राहतो. मग मध्यरात्री पाणी अंथरुणात येतं. यात नशिबाचा भाग नाही, कारणं सरळ आहेत. कोकणात दिवसाला दोन भरत्या येतात, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने, आणि रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा. पण त्या दोन्ही सारख्या उंचीच्या नसतात. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते, तर नोव्हेंबरपासून रात्रीची मोठी होत जाते. त्यामुळे दुपारच्या भरतीची रेषा बघून तंबू लावला, तर रात्रीचं पाणी त्याच्या पुढे येतं. सपाट किनाऱ्यावर पाणी फूटभर जास्त चढलं, तरी ते १५-२० मीटर आत सरकतं.

वेळ काढायला जुनं गणित आजही उपयोगी पडतं: तिथीची पाऊणपट करा. सप्तमी असेल तर सात गुणिले पाऊण म्हणजे सव्वापाच. पूर्ण भरती पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास, आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासूनच मोजायचं. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ आणि पाण्याची उंची भरतीच्या तक्त्यात पाहून घ्या. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाण सगळ्यांत मोठं असतं आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे सगळ्यांत लहान भरती. पहिल्यांदाच जात असाल तर भांगाचे दिवस निवडा. आणखी एक लक्षात ठेवा: मुंबई-अलिबागला उधाणात पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, मालवणकडे ते जवळपास निम्मं असतं. मालवणचा अंदाज अलिबागला लावलात तर फसाल.

जागेवर पोचल्यावर जमिनीकडे बघा. वाळूवर काटक्या, शेवाळ, तुटक्या चपला, थर्माकोलचे तुकडे यांच्या रेषा दिसतात. पाण्याजवळची रेषा आजची असते. सगळ्यांत वरची, सुकून पांढरी पडलेली रेषा उधाणाची, आणि आपली ती. त्याहून भरवशाची खूण म्हणजे मर्यादवेल. आपट्यासारखी दुभागलेली जाडसर पानं आणि जांभळी फुलं असलेला हा वेल वाळूवर पसरतो. जिथे रोजचं पाणी पोचत नाही तिथपर्यंतच तो येतो, नावातच सगळं आलं. तंबू त्याच्या मागे लावा, त्याच्यावर कधीच नाही. वाळू धरून ठेवणारा तोच आहे, आणि एकदा तुडवला की ती जागा उघडी पडते.

वारा आणि सकाळची सावली

दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे. या दिवसांत रात्री उकाडा वाटतो तो बहुधा तंबूचं तोंड चुकल्यामुळे. दोन दारांचा तंबू पूर्व-पश्चिम लावा, म्हणजे संध्याकाळचा आणि पहाटेचा दोन्ही वारा आरपार जातो. एकच दार असेल तर ते पूर्वेकडे ठेवा. सूर्यास्त तंबूबाहेर बसूनच बघायचा असतो, झोप मात्र वाऱ्यावर अवलंबून असते.

आणि पूर्वेला झाडी हवी. उघड्या वाळूवरचा तंबू सकाळी आठलाच तापतो. सुरूच्या बनाच्या समुद्राकडच्या कडेला, बनापासून आठ-दहा मीटरवर तंबू असेल तर दोन तास जास्त सावली मिळते. बनाच्या आत नको. खाली सुरूच्या सुक्या काड्यांचा वीतभर थर असतो, एका ठिणगीने तो पेटतो. शिवाय बरीचशी बनं वनखात्याच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या ताब्यात असतात, तिथे विचारल्याशिवाय मुक्काम करता येत नाही. माडाखालीही तंबू नको, वरून नारळ आणि झावळ्या पडतात. वाडीतच राहायचं असेल तर मालकाला विचारा की नारळ उतरवणारा पाडेली कधी येऊन गेला. नुकताच पाडा झाला असेल तरीसुद्धा दोन माडांच्या मधली मोकळी जागा बघा.

वाळूत खुंट्या धरत नाहीत

तंबूबरोबर येणाऱ्या सहा-सात इंची खुंट्या कोरड्या वाळूत हाताने ओढल्या तरी निघतात. त्याऐवजी कापडी पिशव्या न्या, जुन्या साडीच्या किंवा मांजरपाटाच्या. दोघांच्या तंबूला आठ लागतात: चार कोपऱ्यांना, चार ताणदोऱ्यांना. पिशवीत चार-पाच किलो वाळू भरून तोंड घट्ट बांधा. दोरी तोंडाला बांधू नका, ती पिशवीच्या मधोमध कंबरपट्ट्यासारखी बांधा. मग कोपरभर खोल खड्डा खणा. तेवढ्या खोलीवर वाळू दमट लागते, हाताला थंड जाणवते आणि मुठीत दाबली तर गोळा होतो. तिथवर गेल्याशिवाय थांबू नका. पिशवी दोरीला आडवी ठेवा, आणि दोरी बाहेर काढायला खड्ड्यापासून तंबूपर्यंत तिरका चर पाडा. सरळ वर काढलेली दोरी पिशवी उचलते, तिरकी दोरी तिला वाळूच्या भिंतीत दाबते. वर वाळू लोटा, तांब्याभर समुद्राचं पाणी ओता, पायाने तुडवा. आता सगळा जोर लावून ओढलंत तरी हलणार नाही. दोरी तंबूला सरकत्या गाठीने बांधा, कारण दवाने नायलॉन सैल पडतो आणि झोपण्याआधी एकदा ताणावा लागतो.

नोव्हेंबरात दव इतकं पडतं की सकाळी कापडावरून ओघळतं. बाहेरचं कापड आतल्या जाळीला टेकलं की तिथूनच आत पाझरतं, म्हणून दोन्हींमध्ये चार बोटांचं अंतर ठेवा. वरच्या खिडक्या बंद करू नका, श्वासाची वाफ आत जमून अंथरूण ओलं होतं. झोपायला स्लीपिंग बॅग लागत नाही, एक चटई आणि चादर पुरते. डिसेंबर असेल तर पातळ गोधडी.

कुठे जायचं

मुलाबाळांना घेऊन पहिल्यांदाच जायचं असेल तर गुहागर. चिपळूण स्टेशनपासून साधारण ४५ किलोमीटर. सहा किलोमीटरचा सरळ किनारा, कडेने सुरू, त्यामागे ओळीने वाड्या. घराचं पुढचं दार रस्त्यावर आणि मागची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, थेट वाळूत उतरते. वाडीवाल्याशी बोलून परसात किंवा वाडीच्या कडेला तंबू टाकला तर विहिरीचं पाणी, संडास आणि जेवण तिन्ही प्रश्न सुटतात. मी म्हणेन, पहिली दोन-तीन वेळ असंच राहावं.

दापोलीकडे अंजर्ले. खेड स्टेशनला उतरून दापोलीमार्गे जायचं. किनारा लांबरुंद आणि सपाट, पण याच सपाटीमुळे भरती झपाट्याने आत येते. दक्षिणेला जोग नदीचं मुख आहे, त्या टोकाला ओहोटीतही पाण्यात उतरू नका. इथे आणि उत्तरेकडच्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबर ते मार्चदरम्यान अंडी घालायला येतात. मोठे दिवे लावू नका, टॉर्चला लाल जिलेटिन गुंडाळा, आणि पिशव्या पुरलेले खड्डे निघताना बुजवा. कासवाचं पिल्लू त्यात पडलं तर त्याला वर येता येत नाही. घरट्यांच्या जागा गावातल्या कासवमित्रांना ठाऊक असतात, आधी त्यांना विचारा.

मालवण तालुक्यात तोंडवळी-तळाशील. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कालावलची खाडी आणि मध्ये जमिनीची अरुंद पट्टी. सकाळ खाडीवर उगवते, संध्याकाळ समुद्रावर. इतक्या देखण्या जागा कमी आहेत, पण समुद्र इथला किनारा वर्षानुवर्षं खातो आहे. तळाशीलच्या टोकाकडे नको, तोंडवळीच्या बाजूला सुरूजवळ राहा, आणि उधाणात मुळीच जाऊ नका.

भोगवे माझ्या मते सगळ्यांत चांगलं. कुडाळ स्टेशनला उतरायचं, शेवटचं किराणासामान तिथेच भरायचं. रुंद वाळू, मागे माडांच्या बागा, दक्षिणेला निवतीचा किल्ला. उत्तरेला कर्ली नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे देवबाग. त्या मुखाशी पाणी वरून शांत दिसतं, खालून जबर ओढ असते. पोहायचं ते किनाऱ्याच्या मधल्या भागात, कंबरेएवढ्या पाण्यात, सकाळी भरती चढत असताना.

राजापूर तालुक्यातलं आंबोळगड सरावलेल्यांसाठी. लहानसा किनारा, शेजारी उघडा कातळसडा, गर्दी नाही. सड्यावर वारा रात्रभर झोंबतो आणि फुरसं हा विषारी साप सर्रास आढळतो, म्हणून तंबू वाळूकडेच लावा.

काशीद, हरिहरेश्वर आणि गणपतीपुळ्याला राहा, पण पाण्यात उतरू नका. तिन्हीकडे बुडाल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. गोव्यात जाणार असाल तर किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला कायद्याने बंदी आहे, तिथे कॅम्पचालकाकडेच जागा घ्या. कोकणात कुठेही गेलात तरी ग्रामपंचायतीत विचारा आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला. रात्री काही झालं तर पहिली हाक त्यांनाच मारावी लागते.

चूल, पाणी, फुरसं

पिण्याला आणि रांधायला माणशी दिवसाला पाच लिटर पाणी धरा. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं, आधी चाखून बघा. त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि गॅस फुकट जातो. शेगडी वाळूवर ठेवली तर कण बर्नरमध्ये जातात आणि ज्योत पिवळी पडते. खाली जांभ्याचा चिरा किंवा फळी ठेवा. वाऱ्याला आडोसा तीनच बाजूंनी करा. गॅसचा डबा चारी बाजूंनी झाकला की तो तापतो आणि फुटू शकतो. २३० ग्रॅमचा डबा दोघांना दोन रात्री पुरतो. वाळूत शेकोटी करून निखाऱ्यांवर वाळू लोटू नका. आतली धग तासन् तास टिकते आणि सकाळी अनवाणी मुलाचा पाय नेमका तिथेच पडतो. पाणी ओतूनच विझवा.

फुरसं हातभर लांबीचं, मातकट रंगाचं, पाचोळ्यात दिसत नाही. अंधार पडल्यावर बूट आणि टॉर्च याशिवाय दहा पावलंही जाऊ नका, तंबूची चेन कायम बंद ठेवा, बूट झटकूनच घाला. विंचवासाठीही हेच. दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. सर्पदंशावरचं प्रतिविष तिथे मिळतं. सगळ्यांत जवळचं रुग्णालय कुठे, हे तंबू लावण्याआधी विचारून ठेवा.

उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत न्या. तळाशी पहुडलेलं पाकट (चपटा, काटेरी शेपटीचा मासा) त्या हालचालीने निघून जातं, पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, मग डॉक्टरकडे जा.

निघताना तंबू दव सुकल्यावरच गुंडाळा, आणि आधी उलटा धरून झटका. घरी पोचल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः चेनचे दात आणि खांबांचे सांधे. चेनमध्ये मीठ राहिलं की दोन आठवड्यांत ती अडकते, आणि जोर लावला की दात निघतात. जुना दातघासणीचा ब्रश त्यासाठी बरा पडतो. सावलीत वाळवा, उन्हात नको, आणि पूर्ण कोरडा झाल्याशिवाय पिशवीत भरू नका.