बीटा टाकण्याआधी: फोनची आणि तोंडाची तयारी

फोनच्या नव्या सॉफ्टवेअरची बीटा, म्हणजे अंतिम आवृत्तीआधीची चाचणीची प्रत, आली की बहुतेकांची तयारी बॅकअपपासून सुरू होते आणि तिथेच संपते. खरं तर यादीत पहिला नंबर कराराचा हवा, म्हणजे बीटा घेताना आपण मान्य करतो त्या गोपनीयतेच्या अटींचा. बिघडलेला फोन पुन्हा उभा करता येतो, पण बोलून गेलेलं परत घेता येत नाही. म्हणून ‘इन्स्टॉल’वर बोट ठेवण्याआधी आपण कोणत्या दारातून आत चाललो आहोत, हे नक्की करा. विकासकांसाठीची (म्हणजे ॲप लिहिणाऱ्यांसाठीची) बीटा, सर्वांसाठी खुली बीटा, निवडक लोकांना दिलेली बंद बीटा आणि एखाद्या ॲपची बीटा अशी ही चार दारं आहेत, आणि प्रत्येकावरची पाटी वेगळी आहे.

अँड्रॉइडची खुली बीटा यातली सगळ्यात मोकळी. गूगलच तिच्याबद्दल जाहीरपणे लिहितं आणि लोकांकडून आलेल्या बग-तक्रारीही उघड्यावर असतात. ॲपलचं तसं नाही. त्यांच्या खुल्या बीटात कोणीही फुकट नाव नोंदवू शकतं, तरीही अटींमध्ये ती गोपनीयच मानलेली आहे. स्क्रीनशॉट टाकू नका, तिच्याबद्दल जाहीर लिहू नका, कार्यक्रमात नसलेल्यांना दाखवू नका, दुसऱ्यांसोबत वापरता त्या उपकरणावर टाकू नका, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. सोबत एक सूट आहे: जी तांत्रिक माहिती कंपनीने स्वतः जाहीर केली आहे, ती गोपनीय राहत नाही. या एका वाक्यावर बरंच काही अवलंबून आहे, त्यामुळे ते वाचल्याशिवाय ‘मान्य आहे’ दाबू नका.

ही सूट आपोआप आलेली नाही. मार्च २००८ मध्ये आयफोनसाठी ॲप लिहिण्याची साधनं विकासकांच्या हातात पडली आणि ११ जुलैला आयफोनच्या सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती बाहेर आली. ॲप स्टोअर सुरू झालं, लोक ॲप विकत घेऊ लागले, पण ती ॲप कशी लिहायची यावर जाहीर बोलायला विकासकांना अजून बंदीच होती. कोडबद्दल एकमेकांना उघडपणे विचारायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. लिहून तयार असलेली पुस्तकंही अडकून पडली. अखेर १ ऑक्टोबर २००८ रोजी ॲपलने बाहेर पडलेल्या सॉफ्टवेअरपुरती ती बंदी उठवली. पुढे २०१४ च्या विकासक परिषदेच्या वेळी करारात बदल झाला: परिषदेत कंपनीने सांगितलेल्या तांत्रिक गोष्टींवर बोलायला हरकत नाही, मात्र स्क्रीनशॉट, जाहीर परीक्षण आणि सॉफ्टवेअर पुढे वाटणं यांना मनाई कायम. आयओएसची, म्हणजे आयफोनच्या सॉफ्टवेअरची, खुली बीटा २०१५ मध्ये आली. २०२३ पासून विकासकांची बीटासुद्धा सदस्यत्वाचे वर्षाचे ९९ डॉलर न भरता कोणालाही टाकता येते. आत शिरणारी माणसं वाढली, करार वाचणारी मात्र तेवढ्या प्रमाणात वाढली असतील असं वाटत नाही.

मग बोलायचं काय आणि गिळायचं काय, हे आधीच ठरवून ठेवा. माझी चाळणी साधी आहे. जी गोष्ट कंपनीने मंचावरून, परिषदेच्या व्हिडिओत किंवा सर्वांना वाचता येणाऱ्या दस्तऐवजात सांगितली आहे, ती बोला, लिहा, शिकवा. जी फक्त तुमच्या पडद्यावर दिसते आहे किंवा फाइली उकरताना सापडली आहे, ती राहू द्या. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ ची अंतिम प्रत नव्या आयफोनच्या घोषणेच्या कार्यक्रमाच्या काही दिवस आधी फुटली आणि आयफोन एक्स हे नाव व चेहरा ओळखून उघडणारी सोय हे दोन्ही लोकांनी त्या फाइलींतूनच शोधून काढलं. बीटाच्या पोटात अशा न सांगितलेल्या गोष्टी असतात, आणि त्या सापडल्या म्हणून त्यांच्यावर आपला हक्क तयार होत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘पहिल्याच दिवशी शेकडो व्हिडिओ येतात, त्यांना कोणी काही करतं का?’ बहुतेक वेळा करत नाही, हे खरं आहे. पण व्हिडिओवाल्याचा धंदा प्रेक्षकांवर चालतो आणि तुमचा चालतो विकासक खात्यावर. कराराचा भंग झाला म्हणून ते खातं बंद करण्याचा अधिकार कंपनीकडे आहे, आणि खात्यासोबत तुमची ॲपही दुकानातून खाली उतरतात. ही जोखीम उचलायची असेल तर विचार करून उचला; ‘सगळेच करतात’ म्हणून नको.

नोकरीत किंवा कंत्राटावर असाल तर आणखी एक कागद काढून बघा. ग्राहक कंपनीशी किंवा मालकाशी झालेला गोपनीयता करार बहुधा बीटाच्या करारापेक्षा कडक असतो. बीटावर आपलं ॲप कोसळलं, त्याचा लॉग (बिघाडाची नोंद) मदतीसाठी कुठेतरी चिकटवला आणि त्यात न जाहीर झालेल्या उत्पादनाचं नाव, सर्व्हरचा पत्ता, एखादी चाचणी-चावी (आत शिरण्याचा गुप्त संकेत) गेली, तर एका झटक्यात दोन करार मोडतात. त्यापेक्षा रिकामा छोटा प्रकल्प आधीच तयार ठेवा. ज्यात फक्त तो बिघाड दिसतो आणि ग्राहकाचा मागमूस नसतो, अशा प्रकल्पातला कोड दाखवायला सोपा, आणि समोरच्याला वाचायलाही. बंद बीटाचं आमंत्रण कंपनी-कंपनीतल्या वेगळ्या करारातून आलं असेल, तर शंका कायदा विभागालाच विचारा, आणि लेखी विचारा.

आता फोन. शक्य असेल तर दुसरा, जुना फोन वापरा. रोजचा एकुलता एक फोन या कामाला देऊ नका. दुसरा नसेलच तर बीटा टाकण्याआधी आयफोनचा बॅकअप संगणकावर घ्या आणि तो ‘आर्काइव्ह’ करून बाजूला ठेवा, म्हणजे पुढचा बॅकअप त्याच्यावर चढणार नाही. बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही. परत फिरायचं असेल तर आधीचाच हवा. क्लाउडमध्ये सगळं आहे, या भरवशावर राहू नका. क्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे, तिथे एकीकडची गडबड सगळीकडे पोचते. २०१९ मध्ये आयओएस १३ च्या बीटात आयक्लाउडच्या गोंधळाने अनेकांना ताप झाला होता. त्याच आवृत्तीत रिमाइंडर्सच्या याद्या नव्या रूपात बदलल्या की जुन्या आवृत्तीवरच्या उपकरणांत त्या दिसेनाशा व्हायच्या. म्हणजे बीटा एका फोनवर आणि परिणाम घरातल्या टॅबलेटवर. चाचणीच्या फोनला वेगळं खातं दिलंत तर हा प्रश्नच येत नाही.

परतीचा रस्ता आहे की नाही, हेही आधी बघा. ॲपलच्या घड्याळावर बीटा टाकली की ती काढून जुनी आवृत्ती आणायची सोय वापरणाऱ्याच्या हातात नाही, म्हणून मनगटावर रोज लागणारं घड्याळ यातून वगळा. गूगलच्या पिक्सेल ६ च्या फोनवर ऑगस्ट २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ चढवल्यावर अँड्रॉइड १२ कडे परतणं बंद झालं, कारण बूटलोडरच (फोन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) जुनी आवृत्ती नाकारू लागला. बँकेचं ॲप, पैसे देण्याचं ॲप, ऑफिसची ओळख पटवणारं ॲप ही बीटावर रुसणारी मंडळी. ती दुसऱ्या उपकरणावर चालू आहेत ना, ते पाहून घ्या. कधी कधी त्रास गंमतशीरही असतो: ऑगस्ट २०१८ च्या शेवटी आयओएस १२ ची एक बीटा, फोन उघडावा तेव्हा ‘नवं अपडेट आलं आहे’ असं बजावत होती, आणि नवं अपडेट मात्र आलेलंच नव्हतं.

फोन तयार झाला की आजूबाजूची माणसं. बीटा असलेल्या फोनचा पासकोड घरच्यांनाही माहीत असू नये, हे ऐकायला कठोर वाटतं. पण जुलै २०२५ मध्ये ॲपलने कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात जो दावा लावला, त्यातला आरोप नेमका हाच आहे: ॲपलच्या एका कर्मचाऱ्याच्या ओळखीतल्या माणसाने पासकोड मिळवला, तो कर्मचारी घरी नसताना त्याच्या चाचणीच्या फोनवरची आयओएस २६ व्हिडिओ कॉलवर दुसऱ्याला दाखवली, आणि तिथून ती बाहेर गेली. आरोप खरे की खोटे हे न्यायालय बघेल. त्या कर्मचाऱ्याची नोकरी मात्र गेली. आपण कर्मचारी नसलो तरी बैठकीत पडदा शेअर करताना, प्रोजेक्टरला फोन जोडताना किंवा कुणाला फोटो दाखवायला फोन हातात देताना तीच बीटा समोर येते. अशा कामांसाठी साधा फोन सोबत ठेवा.

बग सापडला तर कुठे सांगायचा, ते दारही आधी शोधून ठेवा. ॲपलच्या बीटासोबत ‘फीडबॅक असिस्टंट’ येतो, काही कंपन्या स्वतःच्या ॲपमधून तक्रार घेतात. तक्रारीत बिल्ड क्रमांक (आपल्याकडच्या नेमक्या प्रतीचा क्रमांक), काय केल्यावर काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, एवढं असलंच पाहिजे. ‘बॅटरी लवकर संपते’ एवढ्यावर कोणीही काही करू शकत नाही. सोबत जाणारी सिसडायग्नोज फाइल (फोनच्या कामकाजाच्या नोंदींचा गठ्ठा) पाठवण्याआधी थोडं थांबा, कारण तिच्यात तुमच्या वापराबद्दलची खासगी माहितीही असते. ती कंपनीच्या दारातूनच द्यायची; ओळखीच्या विकासकाला ‘जरा बघ ना’ म्हणून धाडायची नाही. तुमची तक्रार इतरांना दिसत नाही, म्हणून विकासक आपसात ‘एफबी’ने सुरू होणारा तक्रार क्रमांक देतात, दुसरा माणूस आपल्या तक्रारीत त्याचा उल्लेख करतो आणि बीटातला तपशील उघड न करता दोघांचं म्हणणं एका जागी जातं. ही चांगली सवय आहे. आणि सापडलेली गोष्ट सुरक्षेतलं भगदाड असेल, तर ती थेट सुरक्षा विभागाकडेच. २०१९ मध्ये ॲपलने आपल्या बक्षीस योजनेत ठरावीक बीटांतच असलेल्या अशा दोषांसाठी ५० टक्के जादा रक्कम जाहीर केली होती, तेव्हा गप्प राहण्यात तोटाही नाही.

तुम्ही स्वतःच ॲपची बीटा लोकांना देणार असाल तर बाजू उलटते, आणि इथे विकासक सगळ्यात जास्त ढिले असतात. टेस्टफ्लाइटवर (ॲपची बीटा वाटण्याच्या ॲपलच्या सेवेवर) बाहेरचे १०,००० परीक्षक घेता येतात, बिल्ड ९० दिवसांनी मरते आणि आमंत्रणाचा जाहीर दुवा कोणीही कोणालाही पुढे पाठवू शकतो. गुपित राखायचं असेल तर तो दुवा वापरूच नका, नाव घेऊन बोलवा. गूगल प्लेवर नव्या वैयक्तिक विकासक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी १२ परीक्षकांसह सलग १४ दिवसांची बंद चाचणी घ्यावी लागते (आधी हा आकडा २० होता), म्हणजे अनोळखी माणसं आत येणारच. त्यांच्यासाठी अटी साध्या भाषेत एका पानात लिहा: काय गुप्त आहे, कधीपर्यंत, स्क्रीनशॉट चालेल का, तक्रार कुठे करायची. ‘सर्व काही कायम गुप्त’ असं लिहिलेलं पान कोणी पाळत नाही. तारीख लिहा. ज्यात लपवण्यासारखं काही नाही, तिथे ‘खुशाल बोला’ असंही लिहा. फुकटची प्रसिद्धी कोणाला नको असते?

आपलं नेहमीचं ॲप लोक दुसऱ्याच्या बीटावर चालवतील आणि चिडून लिहितील, त्याचीही तयारी ठेवा. २०१५ मध्ये आयओएस ९ ची बीटा वापरणाऱ्यांनी ॲप स्टोअरवर परीक्षणं लिहू नयेत, अशी सोय ॲपलला करावी लागली होती. एक तारा विकासकाच्या पदरात आणि चूक बीटाची, असं होत होतं. गूगल प्लेवर ॲपच्या चाचणीतल्या माणसांचे अभिप्राय फक्त विकासकाला दिसतात. तरी ईमेल येतातच. त्यांच्यासाठी उत्तर आधी लिहून ठेवा: कळवल्याबद्दल आभार, कोणती बिल्ड आहे ते विचारा, नव्या आवृत्तीची तयारी चालू आहे असं सांगा. तिथेच थांबा. ‘त्यांनी अमुक बदललंय आणि ते अजून कोणाला माहीत नाही’ हे ग्राहकाला समजावण्याच्या भरात लिहून जाणं फार सोपं असतं. बीटा टाकलीच कशाला, असं वापरणाऱ्याला सुनावणंही नको. तो तुमच्या आधी बग शोधून देतोय.

शेवटी बाहेर पडण्याची तयारी. सॉफ्टवेअर सर्वांसाठी आलं की त्यात जे आहे त्यावर बोलायला मोकळीक मिळते. बीटात दिसलं पण अंतिम आवृत्तीत आलंच नाही, ते मात्र अजून तुमच्यापुरतंच. आयफोनवर सेटिंग्जमध्ये बीटा अपडेट्स बंद करा, नाहीतर पुढच्या आवृत्तीची बीटा न मागता दारात उभी राहते. पिक्सेलवर अंतिम आवृत्ती टाका आणि पुढची बीटा घेण्याआधी नोंदणी काढा. मधेच काढली तर जुन्या आवृत्तीचं अपडेट समोर येतं, आणि ते टाकलं की फोनवरचं सगळं पुसलं जातं.