वाहत्या पाण्याचा प्लांटेड टँक (झाडं लावलेली माशांची टाकी) लावताय? या चुका टाळा

नदीसारखा प्रवाह हवा म्हटलं की बहुतेक जण दोन वेव्हमेकर (पाणी ढकलणारे पंप) आणतात आणि टाकीच्या दोन टोकांना समोरासमोर चिकटवतात. दोन्हीकडचं पाणी मध्यावर आदळतं, नुसतं घुसळत राहतं, तळाची माती उडते आणि झाडांना दिवसभर स्वस्थता मिळत नाही. जोर वाढवून नदी होत नाही. पाणी एका दिशेने जायला हवं आणि त्याला परतीची वाट हवी.

त्यासाठी पाइप जोडता येणारा पॉवरहेड, म्हणजे पाण्यात बुडवायचा छोटा पंप घ्या. तो एका टोकाला बसवा आणि त्याचं पाणी ओढणारं तोंड वाळूखालून पाइपने पलीकडच्या टोकाला न्या. तिथे स्पंज हवाच, नाहीतर पानं आणि छोटे मासे ओढले जातात. प्लंबिंगच्या दुकानातले साधे पीव्हीसी पाइप आणि एल्बो पुरतात. एवढा खटाटोप नको असेल तर एकच पंप लांबीच्या दिशेने, पृष्ठभागाच्या जरा खाली लावा. पाणी वरून जातं, काचेला धडकून तळाकडून परत येतं.

३६ बाय १५ बाय १८ इंचाच्या टाकीत काठोकाठ १५९ लिटर पाणी मावतं. गोटे आणि वाळू वजा जाता १२०-१३०. तासाला याच्या दहापट पाणी फिरलं तरी माझ्या मते भरपूर झालं. मात्र खोक्यावरचा आकडा खरा धरू नका, पाइप आणि स्पंज जोडल्यावर तो बराच उतरतो.

आता चिमूटभर खाणं बोटांनी चुरून पंपासमोर सोडा आणि नीट बघा. कण गोट्याला वळसा घालून त्याच्या मागे क्षणभर घुटमळले पाहिजेत. माशांची विसाव्याची जागा तीच. सगळे कण सुसाट पुढे गेले तर गोटे कमी आहेत. एखाद्या कोपऱ्यात साचले तर उद्या तिथेच घाण साचणार. पंपाचं तोंड थोडं वळवा आणि पुन्हा बघा. मोठे गोटे आधी तळाला टेकवा, वाळू नंतर घाला. बांधकामाची खडी नको, तिच्या धारेने तळाच्या माशांची पोटं खरचटतात. आपला काळा दगड उत्तम. फक्त त्यात पांढरे स्फटिक दिसले तर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर तो दगड पाण्यात क्षार सोडून ते जड करणार.

झाडांत हट्ट नको. पृष्ठभाग इतका हलत असताना सीओटू (झाडांसाठीचा कार्बन डायऑक्साइड वायू) सोडणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. अनुबियास आणि जावा फर्न दगडाला दोऱ्याने बांधा. त्यांचा राइझोम (आडवं जाड खोड) वाळूत पुरला की कुजतो. व्हॅलिसनेरिया प्रवाहाच्या खालच्या अंगाला लावा, लांब पाती प्रवाहात सुंदर लवतात. पानांच्या कडांना काळं केसाळ शेवाळ आलं तर ती पानं कापा आणि दिवा सहा-सात तासांवर आणा.

पाण्याचं पुण्यात विशेष जपावं लागतं. खडकवासल्याचं नळाचं पाणी हलकं आहे, पण त्यात क्लोरीन असतं, म्हणून अँटीक्लोर (क्लोरीन घालवणारं औषध) घाला. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड. आज हे, उद्या ते असं करू नका. गुरुवारच्या पाणीबंदनंतर शुक्रवारी गढूळ पाणी येऊ शकतं, त्या दिवशी पाणी बदलायचं टाळा. एप्रिल-मेमध्ये पंख्याने टाकी थंड राहते, पण पाणी उडून क्षार मागे राहतात, तेव्हा उडालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरा.

माशांची घाई नको, चार ते सहा आठवडे टाकी तयार होऊ द्या, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तिच्यात वाढू द्या. अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं शून्यावर आल्यावरच मासे सोडा. वाहत्या पाण्याचा मासा म्हणून ‘मिस केरला’ घ्यायचा मोह होतो. हा पश्चिम घाटातला मासा, २०१३ साली त्याच्या वंशाला ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळालं. पण दुकानात बोटभर दिसणारा हा मासा १५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला थव्याने राहायला आवडतं. चार फुटांखालच्या टाकीत तो कोंडला जातो. तीन फुटीत झेब्रा डॅनिओ आनंदाने पळतात. फायटर किंवा एंजल मासे मात्र इथे दमून जातील.

प्रवाह अचानक मंदावला तर नवा पंप घ्यायला धावू नका, आधी स्पंज पाहा. तो नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात. टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात पिळा. आणि वीज गेली की चालेल असा बॅटरीचा एअर पंप हाताशी असू द्या, कारण उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो.